उन्हाची पुडी

आमच्या घरात ऊन फ्रिजवरच्या डब्यात ठेवलेलं असतं. छोट्या, चकचकीत पुड्या असतात. दर रविवारी एक पुडी कोमट दुधात कालवून द्यायची. पिणारे आमचे चिरंजीव, सोहम, इयत्ता बारावी.

हे मी लातुरात बसून लिहितोय, हे आधी लक्षात घ्या. जिथं मे महिन्यात डांबराला चप्पल चिकटते आणि सोडवून घ्यायला वाकावं तर टाळू चटकते, त्या गावात माझ्या पोराच्या हाडांना ऊन कमी पडलं. पोरगं जिना चढताना गुडघे धरायला लागलं म्हणून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "बाहेर काढा याला. रोज. आणि एकटा नको, तुम्ही तिघंही खेळत जा. ऊन असो, पाऊस असो, थंडी असो. खेळायला हवा कसली बघायची?"

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, सकाळी सहाला क्लास, मग कॉलेज, मग क्लास, मग टेस्ट. बाहेर कधी काढू?"

"मग 'डी' जीवनसत्त्वाची पुडी लिहून देतो," ते लगेच म्हणाले. इतक्या लगेच, की मला संशय आला.

मी विचारलं, "तुमची मुलगी काय करते सध्या?"

"नांदेडला असते. क्लासला." त्यांनी कागद फाडून माझ्या हातात दिला आणि नजर चुकवत म्हणाले, "तिलाही हीच पुडी चालू आहे."

तर अशी ही उन्हाची गोष्ट. आणि नेमका त्याच आठवड्यात परतीचा पाऊस आला. सोयाबीन रानात उभं असताना येतो तो. कुणालाही नको असलेला, वरात निघून गेल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखा. हा पाऊस आला की बाकीच्यांना काय आठवतं माहीत नाही, मला ओली चादर आठवते. मेणकापडाचा वास आठवतो. आणि आमचे अण्णा आठवतात, लुंगी गुडघ्यावर खोचलेले, चिखलात, हातात रबरी चेंडू.

भूकंपाच्या सालची ही गोष्ट आहे. मी दहावीत होतो. अण्णा शाळेत गणित शिकवायचे आणि घरीही तेच शिकवायचे. त्यांच्या आयुष्यात दोनच गोष्टी होत्या, बरोबर आणि चूक, आणि मी दुसऱ्या रकान्यात होतो. जूनपासून माझं खेळणं बंद होतं. आमच्या कॉलनीच्या मधोमध एक मोकळी जागा होती. नकाशावर तिला 'ओपन स्पेस' म्हणायचे, आम्ही नुसतं 'पेस' म्हणायचो. माझ्या खिडकीतून ती दिसायची, म्हणून अण्णांनी टेबल फिरवून माझं तोंड भिंतीकडे केलं होतं. भिंतीवर पाढे होते. तिसांपर्यंत.

मग गणपती विसर्जनानंतरच्या त्या पहाटे जमीन हलली. आमच्या भिंतींना नुसत्या चिरा पडल्या. पाढ्यांच्या कागदातून एक चीर गेली, सतराचा पाढा फाटला, आणि मला लाज वाटते पण सांगतो, मला बरं वाटलं. दिवस उजाडेपर्यंत. उजाडल्यावर औसा आणि निलंग्याकडच्या गावांच्या बातम्या यायला लागल्या, आणि मग कुणाला काहीच बरं वाटेना. तास-दीड तासाच्या अंतरावर गावंच्या गावं बसली होती, आणि आम्ही जिवंत होतो. यात आमचं कर्तृत्व काहीच नव्हतं.

त्या दिवसापासून सगळी कॉलनी पेसमध्ये राहायला आली. बांबू, मेणकापडं, जुनी धोतरं, साड्या. स्लॅबखाली पाय ठेवायला माणसं भीत होती. बायका घरात जाऊन धावत स्वयंपाक करायच्या आणि कुकर बाहेर आणून उघडायच्या. आंघोळीला कुणी आत गेलं की एकानं दारात उभं राहून पहारा द्यायचा. आणि प्रत्येक कुटुंबाचा आपापला इशारा होता. पत्र्याच्या पेटीवर एक पेला पालथा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि सगळ्यांत वर चमचा. जमीन जराशी हलली तरी खणकन पडायचा. विज्ञान कुठं गेलं होतं कोण जाणे, पण स्टीलच्या पेल्यांवर आमचा ठाम विश्वास होता.

आमच्या शेजारी शकीला खाला. त्यांच्या घरच्यांचं चौकाजवळ शिलाईचं दुकान, आणि जीभ कात्रीसारखी. खालांच्या पेटीवरची पेल्यांची रास सगळ्यांत उंच, कारण त्यांच्याकडे पेले जास्त होते. आणि मी, दहावीचा विद्यार्थी, शाळा बंद, टेबल नाही, भिंत नाही, हातात चेंडू. आम्ही पोरांनी लगोरी मांडली होती. सात चपटे दगड एकावर एक, चेंडूनं फोडायचे आणि मार चुकवत पुन्हा रचायचे. मी सगळा जीव लावून नेम धरला आणि चेंडू मारला. लगोरी जागची हलली नाही. खालांची रास मात्र मुळापासून उडाली.

खणखणखण!

"हाललं! हाललं!" सगळी पेस उठून पळाली. आता गंमत बघा. आम्ही आधीच मोकळ्यावर होतो. पळायला जागा उरली होती ती फक्त घरांची. आणि घाबरलेलं माणूस जिकडं रस्ता दिसेल तिकडं पळतं. आमचे अण्णा, गणिताचे शिक्षक, वर्तमानपत्र हातात धरून सरळ आमच्या घरात शिरले. स्लॅबखाली. वर दाराला आतून कडी लावली!

आधी सगळे थिजले. मग खाला कमरेवर हात ठेवून ओरडल्या, "गुरुजी! जलजले में लोगां बाहर भागते, तुमे अंदर कायकू घुसे? भूकंप दार वाजवून येतंय काय?"

भूकंपानंतर पेस पहिल्यांदा हसली ती तेव्हा. हसता हसता दोघी-तिघी रडायलाच लागल्या. अण्णा बाहेर आले. मी चेंडू पाठीमागे लपवून उभा होतो. मला वाटलं, आता काही आपण जिवंत राहत नाही, भूकंपातून वाचलो ते याचसाठी. पण अण्णा माझ्याकडे बघून नुसतं म्हणाले, "नेम धरता येत न्हाई, तर मारतो कशाला?" आणि जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी ते शाळेतल्या इतर शिक्षकांबरोबर टेम्पोनं त्या गावांकडे गेले. भाकरी, पाणी, चादरी घेऊन. परत आले. आईनं जेवण वाढलं, ते ताटाकडे बघत बसले. असे बरेच दिवस गेले. मेणकापडावर पाऊस वाजत राहायचा, आणि अण्णा खुंटाला टेकून बाहेर आमच्या खेळाकडे बघत राहायचे. आमच्याकडे बघायचे की आमच्या पलीकडे, ते कळायचं नाही.

मग एका संध्याकाळी रिमझिम चालू असताना ते उठले. लुंगी खोचली. चिखलातून आमच्यापर्यंत आले आणि म्हणाले, "मला घ्या."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्यातल्या एकानं चाचरत विचारलं, "गुरुजी, कशात?"

"खेळात. दुसरं काय करायलात तुम्ही?"

माणसाला चेंडू टाकता येत नव्हता. पहिला टाकला तो थेट आमच्या आईच्या परातीत. पण ते रोज यायला लागले, आणि ते आल्यावर बाकीच्या बापांना बसून राहणं अवघड झालं. मग आया आल्या. पदर खोचून, आधी लाजत, मग अजिबात न लाजता. खालांचा नेम असा, की त्यांनी चेंडू हातात घेतला की आम्ही आधीच बाद होऊन बाजूला उभे राहायचो. चिखलात लगोरी, ऑक्टोबरच्या उन्हात लगोरी, कोजागरीला दूध आटेपर्यंत लगोरी. थंडी पडली तेव्हा शेकोटीभोवती कबड्डी, धुकं आलं तेव्हा धुक्यात लपंडाव. लपायलाच लागायचं नाही, नुसतं दहा पावलं दूर जायचं. हवा वाईट आहे असं त्या सगळ्या दिवसांत मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. आत जाणं वाईट होतं. बाहेर जे काही पडत होतं, वाहत होतं, तापत होतं, त्यात आम्ही होतो, एवढंच.

तेव्हा मला सर्दी झाली नाही. पुढे नोकरीला लागलो, साहेबाच्या केबिनला एसी होता, तेव्हापासून आहे.

अण्णा असे का झाले, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. शेकोटीशी दोघंच होतो. म्हणाले, "तिथं एका घराचा ढिगारा उपसला. खाली दप्तर निघालं. भरून, नाडी बांधून ठेवलेलं. सकाळी शाळेला जायचं म्हणून." मग काटकीनं निखारा उकरत म्हणाले, "त्या पोराच्या बापानं रात्री विचारलं असंल, अभ्यास झाला का. मी बी तेच विचारलो असतो. दुसरं काही विचारायचं सुचलंच नसतं बघ आपल्याला."

दिवाळीनंतर शाळा मंडपात भरायला लागली. पेसच्या टोकालाच मंडप. पहिल्या सकाळी घंटा झाली तेव्हा आम्ही खेळत होतो आणि अण्णाही होते. आम्ही चेंडू टाकून दप्तरांकडे पळालो. घंटा म्हणजे घंटा. त्यातून गुरुजी समोर. तर मागून अण्णांचा आवाज आला, "आरं थांबा. एक डाव होऊ द्या."

आम्हाला वाटलं चेष्टा करतायत. बघितलं तर ते खरंच नेम धरून उभे. जन्मभर शाळेला एक मिनिट उशीर न केलेला माणूस. त्यांनी चेंडू मारला, आणि त्या दिवशी मात्र लगोरी फुटली. सातही दगड. आम्ही ती रचेपर्यंत हेडमास्तर मंडपाच्या दारात येऊन उभे राहिले होते. मला दहावीला किती टक्के पडले ते तुम्हाला सांगत नाही. तो डाव आम्ही जिंकलो एवढं सांगतो.

उन्हाळा आला तशी माणसं एकेक करून आत गेली. घरात नव्हे, पत्र्यात. प्रत्येकानं अंगणात पत्र्याचं शेड ठोकलं. पत्रा पडला तरी मरत नाही, असा हिशोब. आम्हीही ठोकलं. शेडला दार आलं, दाराला कडी आली, आणि कडी लागल्यावर संध्याकाळी चेंडू घेऊन हाक मारायची कुणाला?

ते शेड अजून आहे. आता त्यात खाटा टाकल्यात. अहमदपूर, उदगीर, देवणीकडची पोरं राहतात, डॉक्टर व्हायला आलेली. कॉलनीत प्रत्येकाच्या अंगणात असंच आहे. एके काळी आम्ही भूकंपाला भिऊन ज्या शेडमध्ये राहिलो, तिथं आता पोरं बापाला भिऊन राहतात. मी पोटासाठी विमा विकतो. म्हणजे भीती विकतो आणि भीती भाड्यानेही देतो. धंद्यात असं एका लाइनीत राहावं.

आणि पेस? पेसवर अभ्यासिका उभी आहे. वातानुकूलित, चोवीस तास उघडी. कॉलनीच्या बैठकीत ठराव आला तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो. कोपऱ्यात खाला बसल्या होत्या, त्या तेवढ्या म्हणाल्या, "हौ, बनाओ. फिर जलजला आया तो कहाँ जाते, कलेक्टर के बंगले पे?" सगळे हसले. मीच सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

तर डॉक्टरांनी सांगितल्यावर मला जोर चढला. म्हटलं, आपण अण्णांचे चिरंजीव. घ्या चेंडू. पाऊस होता, होऊ दे. अभ्यासिकेच्या मागं, टँकर उभा राहतो तिथं, एक पट्टा उरलाय. सोहमला आणि बायकोला घेऊन गेलो. बायकोनं छत्री सोडली नाही. सोहम भिंतीलगत कोरडी जागा बघून उभा राहिला आणि म्हणाला, "पप्पा, पंधरा मिनिटं ना?"

"मोजू नको रे. खेळ!" असं म्हणून मी धावत आलो चेंडू टाकायला. अण्णांचं सगळं रक्त माझ्यात उतरलं असणार, कारण चेंडू टँकरखाली गेला आणि मी चिखलात बसलो. बसलो म्हणजे चांगला मांडी घालून बसलो. अभ्यासिकेच्या काचांमागं एकदम चेहरे उगवले. पांढरेफटक, ट्यूबलाइटच्या उजेडात वाढवलेले. पोरं हसायला लागली, आणि मला खरंच आनंद झाला. म्हटलं, चला, निदान हसली. तोच एक काच सरकली आणि एक मुलगी अगदी नम्रपणे म्हणाली, "काका, प्लीज. सायलेंट झोन आहे."

मी चिखलात बसून "सॉरी बेटा" म्हणालो.

घरी येताना सोहमनं माझा हात धरला होता, मी घसरू नये म्हणून. मी त्याला अण्णांची गोष्ट सांगितली. पेल्यांची, कडीची. तो हसला. मग विचार करून म्हणाला, "म्हणजे भूकंप झाला की किती दिवस सुट्टी होती?"

दुसऱ्या दिवशी शिंतोडे होते, तर त्याचा क्लास लांबला. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, तर बायकोच्या ऑफिसात ऑडिट. चौथ्या दिवशी मला पॉलिसी मिळत होती. हवेनं आम्हाला एकदाही अडवलं नाही. हवेला उगीच बदनाम करतात.

आणि मग त्या रविवारी खरंच हाललं.

फार नाही. आमच्याकडे अधूनमधून जमिनीच्या पोटात गुरगुरतं, खिडक्या थरथरतात, पेपरात कोपऱ्यात बातमी येते, तसंच. पण या वेळी फडताळातली भांडी वाजली. दुपारची वेळ, बाहेर भुरभुर पाऊस, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या क्लासमध्ये रविवारची टेस्ट चालू, सोहमही तिथंच. क्षणात सगळी इमारत रस्त्यावर आली. अभ्यासिका रस्त्यावर. शेडमधली, खोल्यांमधली, मेसमधली पोरं रस्त्यावर. बायका हातातलं पीठ घेऊन रस्त्यावर. खाला आपल्या ओट्यावर आल्या आणि सवयीनं पहिला प्रश्न, "गुरुजी अंदर तो नहीं गये ना?" अण्णांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. त्यांचं त्यांनाच हसू आलं.

आधी पोरांनी मोबाइल काढले. घरी फोन झाले. मग काय करावं ते सुचेना तशी ती नुसती पावसात उभी राहिली. मला वाटतं, कित्येक महिन्यांनी इतकी सगळी एकदम आभाळाखाली उभी होती. कुणीतरी कुणाला ढकललं. कुणीतरी डबक्यात पाय आपटला. आमच्या शेडमधला देवणीचा विशाल, चार शब्द कधी बोलत नाही तो, त्यानं रस्त्याकडेचे शहाबादी फरशीचे तुकडे गोळा केले आणि एकावर एक रचायला लागला. खाला ओट्यावरून ओरडल्या, "अरे बडा नीचे रख, बडा नीचे! डॉक्टर बनते बोलके आये, लगोरी लगाना नै आता?"

मी पळत घरात गेलो. स्लॅबखाली. अण्णांसारखा. चेंडू घेऊन बाहेर आलो आणि सोहमकडे फेकला.

त्यानं झेलला. केस कपाळाला चिकटलेले, चष्म्यावर थेंब, आणि तोंडभर हसू. लहानपणी खालचे दात पडले होते तेव्हा असा हसायचा. पोरांनी गोल केला. "मार रे सोहम! मार!" त्यानं हात मागं नेला, एक डोळा मिटला. नेम धरण्याची तीच वाकडी तऱ्हा. आमच्या घराण्याची.

तेवढ्यात क्लासच्या गच्चीवरचा भोंगा बोलला. "सर्व विद्यार्थ्यांनी आपापल्या जागेवर जाऊन बसावं. पेपर पुन्हा सुरू होतोय. वाढीव वेळ मिळणार नाही."

गोल फुटला. पोरं पळाली. त्याच इमारतीकडे, त्याच जिन्यावर, त्याच स्लॅबखाली. ज्या जमिनीनं आमच्या आईबापांना महिनोन् महिने बाहेर बसवलं, तिला या पोरांना एका डावापुरतंही थांबवता आलं नाही. विशालनं जाता जाता वरचा तुकडा नीट केला आणि तोही गेला.

सोहम तसाच उभा होता. हात मागं, चेंडू हातात. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मान वळवून, नुसतं पाहिलं. विचारायला लागलंच नाही.

मला काय म्हणायचं होतं ते मला माहीत होतं. शब्दसुद्धा तयार होते, अण्णांचे, जन्मभर जपून ठेवलेले. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "जा बाबा, पळ. पेपर बुडंल."

त्याचा हात खाली आला. चेंडू त्यानं फेकला नाही. वाकून माझ्या पायाशी ठेवला, कुणाची मागून आणलेली वस्तू परत करावी तसा, आणि गेला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यानं गुडघा धरला.

ओट्यावरून खाला मला म्हणाल्या, "क्या रे सुध्या. एक डाव तो होने देता."

रस्ता रिकामा झाला होता. फरशीची लगोरी भर रस्त्यात उभी, पावसात धुऊन निघालेली. मी चेंडू उचलून एकदा मारून पाहिला. चुकला. मग टँकर आला आणि त्यानं हॉर्न वाजवला, म्हणून मी ते तुकडे उचलून कडेला ठेवले.

रात्री जेवताना विचारलं, "पेपर कसा गेला?"

"बरा गेला," सोहम म्हणाला.

रविवार होता. मी दूध कोमट केलं, फ्रिजवरचा डबा काढला, एक पुडी फोडली आणि चमच्यानं ढवळून त्याला दिली. बाहेर पाऊस चालूच होता. त्यानं पेला रिकामा केला, ओठ पुसले, आणि टेबलाशी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला.